नानांची हवामानाची वही

मंडळी, न्यू इंग्लंडात राहणाऱ्या माणसाला हवेवर बोलायला निमित्त लागत नाही. दोन मराठी कुटुंबं पहिल्यांदा भेटली की "तुम्ही मूळचे कुठले?" याच्या पाठोपाठ "यंदा तुमच्याकडे स्नो किती पडला?" हा प्रश्न ठरलेला. आम्हीही वीस वर्षं हेच करत आलो. पण हवेकडे नीट बघायला शिकवलं ते पुण्याहून आलेल्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी. ते आमचे नाना.

नाना पुण्याच्या वेधशाळेतून निवृत्त झाले. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य ऑफिस सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून पुणेकर त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' म्हणू लागले आणि समोरच्या चौकाला अजूनही तेच नाव आहे. तिथे नानांची सारी नोकरी गेली. सकाळी साडेआठला पांढऱ्या झडपांच्या पेटीतले तापमापक वाचायचे, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, ढग किती आणि कुठल्या जातीचे ते बघायचं आणि सगळं रकान्यात भरायचं. निवृत्तीनंतर हे सगळं त्यांनी फ्लॅटच्या गॅलरीत चालू ठेवलं. आई हसायची, "यांना पेन्शन मिळालं, पण रजा नाही मिळाली!"

तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि आमचा धीर सुटला. नाना त्या फ्लॅटमध्ये एकटे! मग आपण सगळे जे करतो तेच आम्ही केलं. आईवडिलांच्या ग्रीनकार्डाला फार थांबावं लागत नाही, मुलगा किंवा मुलगी सिटिझन असली की झालं. कागदपत्रं झाली, मुंबईला मुलाखत झाली, आणि एका सप्टेंबरात नाना बोस्टनच्या विमानतळावर उतरले. सामानात मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या डेकवरचा तापमापक बाद केला. तो आम्ही मोठ्या हौसेने दक्षिणेच्या विटांच्या भिंतीवर लावला होता. नाना म्हणाले, "हा भिंतीचा ताप सांगतोय, हवेचा नाही." आम्ही दोघं इंजिनियर, रोज मोजमापाच्याच धंद्यात. पण हे आमच्या लक्षात आलं नव्हतं! मग नवा तापमापक आणला. घराच्या उत्तरेला, गवतावर, उन्हापासून आडोसा करून चार-साडेचार फुटांवर त्याला जागा मिळाली. आमच्या धाकटीने पावसासाठी चार इंच व्यासाची नळी मागवली. इथे 'कोकोराज' नावाचं हौशी पाऊस मोजणाऱ्यांचं एक जाळं आहे, १९९८ साली कोलोरॅडोत सुरू झालेलं. त्यातली माणसं रोज सकाळी सातच्या सुमाराला अशीच नळी बघतात आणि आकडा कळवतात. आजोबा आणि नात त्यात दाखल झाले.

वहीत मात्र नानांनी प्रत्येक पानाचे दोन भाग केले. डावीकडे पुणे, उजवीकडे इथलं. पुण्याचे आकडे शेजारचे काका फोनवर सांगायचे. तिकडे सकाळचे साडेआठ म्हणजे इथे आदल्या रात्रीचे अकरा, आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे केली की दहा. त्या फोनसाठी नाना जागे राहायचे. आम्ही म्हणायचो, "नाना, झोपा आता. इंटरनेटवर मिळतात हो आकडे." ते नुसते हसायचे.

ऑक्टोबरात आम्ही त्यांना न्यू हॅम्पशायरला घेऊन गेलो. लिंकनपासून कॉनवेपर्यंतचा चौतीस मैलांचा कँकामॅगस हायवे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आम्ही दरवर्षी जातो, फोटो काढतो, "यंदा गेल्या वर्षीइतका रंग नाही" असं म्हणतो आणि परत येतो. नानांनी गाडी पाच ठिकाणी थांबवायला लावली. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरवा ओसरला की तो दिसतो. मेपलचा लाल मात्र पान गळायच्या आधी नव्याने तयार करतं, आणि स्वच्छ ऊन व थंड रात्री मिळाल्या की तो खुलतो. हे धाकटीने शाळेत शिकलेलं आजोबांना सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे जायच्या वेळेला झाड खर्च करतं म्हण की!"

दुसऱ्या दिवशी माउंट वॉशिंग्टन. उंची ६२८८ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी जास्त. पण वारा असा की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लागले. वर एक जुनी लाकडी इमारत चक्क साखळदंडांनी जमिनीला जखडलेली आहे. १२ एप्रिल १९३४ रोजी इथल्या निरीक्षकांनी ताशी २३१ मैलांचा वारा मोजला होता. हा विक्रम १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरो आयलंडवर मोडला. ऑलिव्हिया नावाच्या चक्रीवादळात तिथे ताशी २५३ मैल वारा नोंदला गेला. धाकटीने हे सांगितल्यावर नानांनी विचारलं, "तिथे त्या वेळी माणूस होता का?" नव्हता, आपोआप चालणारं यंत्र होतं. १९३४ साली इथे मात्र सॅल्व्हातोर पॅग्लियुका, अ‍ॅलेक्स मॅकेन्झी आणि वेंडेल स्टीफन्सन ही हाडामांसाची माणसं होती. वायुमापकावर बर्फ साचलं म्हणून स्टीफन्सन त्या वाऱ्यात बाहेर जाऊन ते झोडपून आले होते. नाना काचेतून बराच वेळ बाहेर बघत होते. "ड्यूटी," एवढंच म्हणाले.

परत येताना पावसाचा विषय निघाला. बोस्टनला वर्षाला सुमारे त्रेचाळीस इंच पाऊस पडतो, आणि पुण्याला तीसच्या आसपास. म्हणजे इथला पाऊस जास्त! आमचा विश्वास बसेना. नाना म्हणाले, "इथे तो बारा महिन्यांत वाटून पडतो, दर महिन्याला तीन-चार इंच. त्यामुळे कोणी त्याची वाट बघत नाही. आपल्याकडे तो येतो आणि परत जातो."

मग हिवाळा आला.

त्याबद्दल फार लिहीत नाही, आपण सगळे तो जाणतो. नवीन मंडळींना आम्ही २०१४-१५ च्या गोष्टी सांगतो, त्या हिवाळ्यात बोस्टनला ११०.६ इंच बर्फ पडलं होतं. जुनी मंडळी त्यावर फेब्रुवारी १९७८ चं ब्लिझर्ड काढतात. नानांच्या वाट्याला आलेला हिवाळा तसा काही नव्हता. पण आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडणार, मुली शाळेत आणि कॉलेजात, आणि परत येईस्तोवर अंधार. नाना सकाळी टोपी, मफलर, वर आमचा जुना पार्का अशा थाटात फूटपट्टी घेऊन अंगणात जायचे, बर्फ मोजायचे, नळीतलं बर्फ वितळवून त्याचं पाणी मोजायचे. मग दिवसभर खिडकीशी. संध्याकाळी आम्ही विचारायचो, "काय नाना, कसा गेला दिवस?" उत्तर ठरलेलं, "मजेत."

फेब्रुवारीतली गोष्ट. एका मित्राचा फोन आला. जानेवारीतल्या एका वादळात आपल्या गावात चौदा इंच पडलं, तुमच्याकडे एवढं पडणं शक्यच नाही, असा त्याचा दावा. नाना झोपले होते. आम्ही पुरावा म्हणून वही उघडली. आकडा सापडला, बारा इंच. मित्र जिंकला. पण वही मिटता येईना.

प्रत्येक ओळीच्या शेवटी 'शेरा' असा रकाना असतो. निरीक्षकाने त्यात धुकं, गारा, विजा असं जे आकड्यात बसत नाही ते लिहायचं. नानांच्या वहीत डावीकडे पुण्याच्या बाजूला लिहिलं होतं, 'तळमजल्यावर बारसे.' 'पाणी आले नाही.' 'पर्वतीला आज चौघेच.' १४ जानेवारीपुढे होतं, 'सोसायटीतील मुले तिळगूळ घेऊन आली. दार बंद पाहून गेली.'

उजवीकडे आमच्या घराच्या बाजूला, त्याच तारखांपुढे लिहिलं होतं, 'रस्त्यावर माणूस नाही.' 'पोस्टमन आला. हात केला.' 'कोणी नाही.' आणि पुढे ओळीने दोन आठवडे नुसतं 'वरीलप्रमाणे.'

आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. कोणी काही बोललं नाही. वही होती तिथे ठेवून दिली.

त्यानंतर आम्ही काय केलं असेल? उपाय! आम्हाला दुसरं काय येतं? शनिवारी लायब्ररी, रविवारी देऊळ, मंडळाच्या ज्येष्ठ नागरिकांचा गट, एका गृहस्थांशी बुद्धिबळ. मार्चमध्ये व्हर्मांटला मेपलच्या 'शुगर हाऊस'ची सहल. रात्री गोठण आणि दिवसा ऊब असली की मेपलचा रस वाहू लागतो, आणि साधारण चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन सिरप होतं. छपरातून वाफेचे लोट, आत गोड वास, भट्टीशी लाल झालेले चेहरे. नानांनी दारातच हाक दिली, "अरे, हे तर गुऱ्हाळ!" तिथल्या शेतकऱ्याला त्यांनी आपल्या इंग्रजीत उसाची काहील, मळी काढणं, काकवी असं सगळं समजावून सांगितलं आणि त्यानेही ते मन लावून ऐकलं. त्या दिवशीचा शेरा आम्ही चोरून पाहिला. 'उत्तम माणूस भेटला. काकवी फार पातळ.' आम्हाला वाटलं, जमलं!

एप्रिलच्या शेवटी वॉल्डन तळ्यावर गेलो. थोरो १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं तिथे झोपडी बांधून राहिला आणि तळ्याकाठी भगवद्‌गीता वाचत असे, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच तळ्यातलं बर्फ कापून नेणारा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी बोस्टनचं बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवत असे. पहिलं जहाज १८३३ साली गेलं, आणि मुंबईतही पुढे त्यासाठी बर्फघर झालं. पण नानांना रस होता तिसऱ्याच गोष्टीत. १८५० च्या दशकात थोरोने कॉनकॉर्डच्या परिसरात कुठलं फूल कधी उमललं याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. दीडशे वर्षांनी बोस्टन विद्यापीठाच्या रिचर्ड प्रिमॅक यांनी सहकाऱ्यांसह त्या तारखा आजच्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा वसंतातली कितीतरी फुलं आता आठवड्याहून लवकर उमलतात असं दिसलं. "त्या माणसाला हे कुठे माहीत होतं?" नाना म्हणाले. "तो आपला लिहीत गेला. उपयोग दुसऱ्याला झाला."

आणि मेच्या मध्यावर ब्लू हिल.

बोस्टनच्या दक्षिणेला मिल्टन गावात ६३५ फुटांची ही टेकडी. माथ्यावर किल्ल्याच्या बुरुजासारखी दगडी वेधशाळा. अ‍ॅबट लॉरेन्स रॉच नावाच्या जेमतेम पंचविशीच्या तरुणाने स्वतःच्या पैशाने ती उभी केली आणि १ फेब्रुवारी १८८५ पासून तिथे रोज नोंदी होत आहेत. अमेरिकेत इतकी जुनी, एकाच जागची, न तुटलेली नोंद दुसरीकडे नाही. २१ सप्टेंबर १९३८ च्या हरिकेनमध्ये इथे ताशी १८६ मैलांचा झोत मोजला गेला. आम्ही इतकी वर्षं त्या टेकडीखालून १२८ नंबरच्या रस्त्याने जात-येत होतो आणि वर कधी गेलो नव्हतो!

नाना थांबत थांबत चढले. गच्चीवर गेले आणि एकदम उभे राहिले. समोर धातूच्या कमानीत बसवलेला काचेचा भरीव गोळा. उन्हाचे किरण त्यातून एकवटतात आणि मागच्या कागदी पट्टीवर जळकी रेघ उठते. ढग आला की रेघ तुटते. दिवसाअखेर रेघेची लांबी मोजली की किती तास ऊन पडलं ते कळतं. "कॅम्बेल-स्टोक्स!" नाना जवळजवळ ओरडलेच. पुण्याला तीस-बत्तीस वर्षं त्यांनी त्या पट्ट्या बदलल्या होत्या. माहिती सांगणाऱ्या मुलीने त्यांना आदल्या दिवशीची पट्टी बघायला दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि घड्याळ न बघता सांगितलं, "दुपारी दोनच्या पुढे ढग आले होते." ती म्हणाली, बरोबर.

खाली उतरताना एका खडकावर बसले. म्हणाले, "तुम्हाला अलिबागची गोष्ट सांगितली का रे कधी?"

ती अशी. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथे पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असं ठरलं. त्या विजेने चुंबकाचे काटे बिघडले असते, म्हणून ते काम अलिबागला हलवायचं ठरलं. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. पण कुलाबा बंद करून लगेच अलिबाग सुरू, असं झालं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही जागांमधला फरक नीट कळला, तेव्हाच जुनी जागा सोडली. म्हणून आजही ती नोंद सलग धरता येते.

"मीही दोन्हीकडे नोंदी घेतल्या," नाना म्हणाले. "आठ महिने. फरक कळला मला."

आम्ही गप्प.

"तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही पंचविशीत आलात, तुमची नोंद इथे सुरू झाली. माझी तिकडे सुरू आहे. ती आता मध्येच तोडू नका. मृगाच्या आत मला पोचवा."

"आणि नाना, तुम्ही पडलात-झडलात तर?" आमच्यातल्या एकाने विचारलंच.

"इथे पडलो तर तुम्हाला संध्याकाळी सहाला कळेल. तिथे पडलो तर दूधवाल्याला सकाळी सहाला कळेल."

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. आम्ही ग्रीनकार्डाचं काढलं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर कार्ड धोक्यात येतं, एवढी खटपट करून मिळवलेलं. नाना म्हणाले, "परत देऊन टाकू. व्हिजिटर म्हणून येईन. पाऊस येतो तसा. चार दिवस वाट बघाल तरी माझी!"

महिनाभर घरात यावर वाद झाले, ते इथे लिहीत नाही. पुण्यातल्या शेजाऱ्यांशी बोललो, दिवसातून दोनदा येणारी बाई ठेवली, दोन किल्ल्या दोन घरी दिल्या. मनातली भीती त्याने गेली असं नाही, ती अजूनही रात्री फोन वाजला की येतेच. पण जे करायचं ते नानांना विचारून करायचं, एवढं आम्ही शिकलो. कार्ड आणायच्या वेळी आम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. विचारलं काहीच नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाना गेले. वही धाकटीला देऊन गेले. आता फोन उलट दिशेने येतो. रात्री अकराला पुण्याहून आकडे येतात, आणि आमचे इथले सकाळी सातचे ते लिहून घेतात. जून सरत आला तेव्हा फोनवर आकड्याआधी नुसता आवाज ऐकवला त्यांनी, गॅलरीच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा. मग म्हणाले, "अठ्ठावीस मिलिमीटर. शेरा, सोसायटीतली पोरं भिजतायत."

आणि आमचा शेरा? पहिल्या आठवड्यात आमच्यापुढे तो रकाना कोराच राहिला. 'रस्त्यावर माणूस नाही' हे नानांनी स्वतःच्या एकटेपणाबद्दल लिहिलंय असं आम्ही धरलं होतं. ते आमच्याबद्दलही होतं! वीस वर्षांत उजवीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. धाकटीने ठरवलं की रकाना कोरा ठेवायचा नाही, त्यामुळे रोज काहीतरी घडवावं लागतं. त्या बाई आता आमच्या पावसाच्या नळीचा आकडा विचारायला कुंपणापाशी येतात. त्यांचे वडील १९३८ च्या हरिकेनची गोष्ट सांगत असत. परवाचा शेरा आहे, 'शेजारणीने टोमॅटो दिले. आजोबांना सांगणे.'

नाना ऑक्टोबरात सहा आठवड्यांसाठी येणार आहेत, पाहुणे म्हणून. कोलंबस डेच्या शनिवारी कँकामॅगसला जायचा बेत आहे. ज्यांच्याकडे आईवडील आले असतील त्यांनी त्यांना घेऊन जरूर यावं, दोन व्हॅन करू. थर्मासमध्ये चहा आमच्याकडे. गाड्या मात्र पाच ठिकाणी थांबतील, हे आधीच सांगून ठेवतो.